वेरूळचे प्रेक्षक : स्थळ, संस्कृती आणि कर्त्याचा प्रश्न

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत एक विधान आता जवळजवळ गृहीतकासारखे वापरले जाते. प्रवासी स्थळ पाहतच नाही, स्थळाच्या निमित्ताने तो स्वतःची संस्कृती पाहतो, असे ते विधान आहे. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर युरोपीय प्रवाशांच्या लेखनामागील सत्तासंबंध उघड झाले, आणि या विधानाला सैद्धांतिक बळ मिळाले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते अंतिम मानले, तर दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली, स्थळही प्रेक्षकाला काही प्रश्न विचारायला भाग पाडते. दुसरी, प्रवासी आणि स्थळ यांच्यामध्ये नेहमीच एक तिसरी व्यक्ती उभी असते. ती म्हणजे त्या स्थळाविषयी प्रवाशाला काहीतरी सांगणारी स्थानिक व्यक्ती. प्रस्तुत निबंधात वेरूळच्या लेण्यांविषयी वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या भाषांत झालेल्या लेखनाच्या आधारे या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

वेरूळची निवड सकारण आहे. बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन अशी तिन्ही परंपरांची लेणी एकाच डोंगररांगेत असलेले हे स्थळ व्यापारी मार्गाच्या आणि देवगिरीच्या राजधानीच्या निकट होते. त्यामुळे ते कधीही पूर्णतः विस्मरणात गेले नाही. अजिंठ्याप्रमाणे वेरूळचा 'शोध' कोणा शिकारी अधिकाऱ्याला लावावा लागला नाही. संस्कृत, मराठी, फारसी, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांतील उल्लेखांची सुमारे बाराशे वर्षांची मालिका येथे उपलब्ध आहे. एकाच स्थळाचे इतक्या भिन्न संस्कृतींतील प्रेक्षक एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी दख्खनमध्ये क्वचितच मिळते.

या मालिकेच्या आरंभी उभे असलेले प्रेक्षक मानव नाहीत. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराज सुवर्णवर्ष याचा शके ७३४ (इ. स. ८१२-१३) चा ताम्रपट बडोद्यास मिळाला. त्यात कृष्णराजाने एलापूर येथे करविलेल्या देवालयाची प्रशस्ती आहे. विमानातून जाणारे देव ते मंदिर पाहून थबकतात आणि हे स्वयंभू असले पाहिजे, मनुष्याच्या कलेत असे सौंदर्य आढळत नाही, असे म्हणतात. त्याच प्रशस्तीत पुढे, मंदिर घडविणारा शिल्पीही आपण हे कसे केले याचे आश्चर्य करतो, असा आशय येतो. हे वर्णन वेरूळच्या कैलासाचे आहे, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. राजप्रशस्तीचे संकेत लक्षात घेता यात अतिशयोक्ती असणे स्वाभाविक आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. वेरूळविषयीच्या या अगदी प्राचीन संहितेतच 'हे कोणी केले?' हा प्रश्न उपस्थित झाला आहे, आणि त्याची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली आहेत. देवांच्या मते कर्ता नाहीच. शिल्पी कर्ता आहे, परंतु त्याला स्वतःच्या कृतीचा विश्वास वाटत नाही. प्रशस्तीत राजाचे नाव आहे, शिल्पीचे नाही. पुढील सर्व प्रवासी या चौकटीतच ये-जा करताना दिसतील.

मराठी भाषेतील वेरूळचे दर्शन याहून अगदी निराळे आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या एळापूरच्या अवस्थानातील लीळा येतात. तेथील परिसर हा राहण्याचा, बोलण्याचा आणि हिंडण्याचा परिसर आहे. तेथे थक्क होऊन उभे राहण्यावर भर नाही. पुढे महानुभावांनी स्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेल्या जागांची नोंद करण्यासाठी स्थानपोथीसारखी रचना केली. तिच्यात देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, त्या जागेपासून दुसरी जागा किती अंतरावर, असे तपशील काटेकोरपणे येतात. हा तपशील पुरातत्त्वज्ञाला आज उपयोगी पडतो, परंतु त्यामागील हेतू पुरातत्त्वाचा नाही. वंदन करावयाची नेमकी जागा चुकू नये, हा तो हेतू आहे. महानुभाव यात्रिकासाठी दगड कोणी कोरला हा प्रश्न गौण आहे, तेथे कोण बसले हा प्रधान आहे. स्थळाचे मूल्य घडविण्याच्या क्रियेत नसून सान्निध्यात आहे. कर्त्याचा प्रश्न न विचारताही वेरूळ पाहता येते, याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

फारसी लेखकांकडे वळताना आपल्या मनात काही पूर्वग्रह असतात. मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या धर्माचे लेखक मूर्तींनी भरलेल्या डोंगराविषयी तिरस्काराखेरीज दुसरे काय लिहिणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्ष लेखन हा समज टिकू देत नाही. विजापूर दरबारात लिहिणाऱ्या फिरिश्ताने १३०६-०७ च्या सुमाराची एक हकिकत दिली आहे. अलाउद्दीन खल्जीच्या सैन्यातील तीन-चारशे शिपाई आपल्या सरदाराची परवानगी काढून वेरूळची लेणी पाहावयास गेले आणि तेथे त्यांची गाठ गुजरातच्या देवलदेवीला घेऊन जाणाऱ्या तुकडीशी पडली, असे तो सांगतो. तीन शतकांनंतर लिहिलेल्या या हकिकतीच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेता येते. परंतु मोहिमेवरचे सैनिक रजा घेऊन लेणी पाहण्यास जातात, ही गोष्ट फिरिश्ताला आणि त्याच्या वाचकांना अस्वाभाविक वाटत नव्हती, एवढे तीवरून निश्चित ठरते.

त्याच काळात विजापुरातच लिहिणाऱ्या रफीउद्दीन शिराझीने वेरूळकडे राजवैभवाचे चित्र म्हणून पाहिले. देवालयापेक्षा त्याला तेथे राजसभा दिसते, आणि इराणातील प्राचीन राजांच्या पाषाणशिल्पांची त्याला आठवण होते. मूळचा शिराझचा असलेला हा लेखक आपल्या मायभूमीच्या अवशेषांतून वेरूळ वाचतो. येथे आरंभी उल्लेखिलेले गृहीतक खरे ठरते. परंतु त्याची स्मृती त्याला स्थळापासून दूर नेत नाही. डोंगर कोरून घडविलेले असे काम कोणा तरी प्रतापी राजाचे असले पाहिजे, या निष्कर्षापर्यंत ती त्याला आणते.

यांहून लक्षणीय आहे ते औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणाऱ्या साकी मुस्तैद खानाचे वर्णन. त्याचा 'मआसिर-इ-आलमगिरी' हा ग्रंथ १७१० मध्ये पूर्ण झाला. खुलताबादेजवळील या लेण्यांविषयी लिहिताना तो बांधणाऱ्यांचा उल्लेख धर्मभ्रष्ट म्हणून करतो. त्याच वाक्यसमूहात तो कर्त्याचा प्रश्नही सोडवतो. दंतकथा काहीही सांगोत, हे काम जिन्नांचे नसून त्या काळच्या माणसांचेच आहे, असे त्याचे मत आहे. पुढे तो या ओसाडीत भविष्याचा विचार करणाऱ्याला मिळणारा इशारा पाहतो. भग्न वास्तूवरून ऐहिक वैभवाची क्षणभंगुरता ओळखण्याची 'इबरत' ही कल्पना फारसी-अरबी साहित्यात दृढ आहे. त्यानंतर मात्र लेखणीचा सूर पालटतो. पावसाळ्यातील हिरवळ, डोंगरावरून कोसळणारा पाण्याचा रुंद झोत, हे सर्व पाहावयास येणारे लोक यांचे वर्णन तो करतो आणि प्रत्यक्ष पाहिल्यावाचून शब्दांनी याचे चित्र उभे करता येणार नाही, अशी कबुली देतो. निंदा, बोध आणि आनंद या तीन वृत्ती एकाच परिच्छेदात नांदतात. प्रेक्षकाची संस्कृती ही एकसंध आज्ञा नसते, एकाच लेखकात तिचे अनेक संकेत एकमेकांशी झगडत असतात, हे येथे दिसून येते. कार्ल अर्न्स्ट यांनी या फारसी वर्णनांचा स्वतंत्र अभ्यास करून 'मुस्लिम दृष्टी' नावाची एकच एक वस्तू कल्पिणे किती चुकीचे आहे ते दाखविले आहे.

युरोपीय प्रवाशांपैकी झाँ द तेव्हनो याने १६६६-६७ च्या दख्खन प्रवासात वेरूळ पाहिले. त्याच्या मृत्यूनंतर, १६८४ मध्ये, त्याचे भारतविषयक लेखन प्रसिद्ध झाले. ही देवळे राक्षसांनी बांधली, केव्हा ते ठाऊक नाही, असे तेथील लोकांनी त्याला सांगितले. तेव्हनो हे उत्तर नोंदवतो. ही कामे मानवी शक्तीबाहेरची वाटतात हे तो मान्य करतो, आणि ज्या युगात ती झाली ते युग अगदीच रानटी नसावे, असे अनुमान काढतो. या अनुमानात युरोपचा मानदंड स्पष्ट आहे. तरीही त्या मानदंडाला येथे थोडी माघार घ्यावी लागली आहे, हेही तितकेच स्पष्ट आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने वेरूळचे वर्णन 'एशियाटिक रिसर्चेस'साठी लिहिले. त्याने कर्त्याविषयी दोन हकिकती दिल्या आहेत. मुसलमान माहितीगाराच्या मते इल राजाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, शाह मोमिन आरिफ या सूफीच्या समकाळात, ही लेणी खोदविली. ब्राह्मणांच्या मते एलिचपूरच्या इलू राजाने ७,८९४ वर्षांपूर्वी ती करविली. त्याच्या शरीराला किडे पडले होते आणि शिवालय तीर्थात स्नान केल्याने तो बरा झाला. दोन्हींत राजाचे नाव एकच आहे, कालगणना मात्र आपापल्या पवित्र इतिहासाशी जोडलेली आहे. मॅलेटचे वर्णन हे अशा रीतीने एका इंग्रजाने पाहिलेले वेरूळ नव्हे. त्याच्या पानांवर निदान तीन प्रेक्षक बोलत आहेत. त्यांपैकी दोघांची नावे साहित्याच्या इतिहासात येत नाहीत, एवढाच फरक आहे.

हीच गोष्ट चित्रांच्या बाबतीत घडली. मॅलेटसाठी वेरूळची रेखाटने करणारा पुण्याचा गंगाराम तांबट हा कारागीर परंपरेतून आलेला चित्रकार होता. त्याची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. परंतु १८०३ मध्ये लंडनला थॉमस डॅनिएलने चोवीस दृश्यांचा जो संग्रह काढला, त्याच्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून केवळ जेम्स वेल्सचे नाव आहे. युरोपने वेरूळ प्रथम ज्या चित्रांतून पाहिले, त्यांच्या सिद्धतेत एक मराठी डोळाही होता, हे आपल्या कलेतिहासाने आणि प्रवाससाहित्याच्या इतिहासाने पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

कॅप्टन जॉन सीली याने १८१० च्या प्रवासावर आधारलेले पुस्तक १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच वेरूळच्या डोंगराला ग्रॅनाइटचा डोंगर म्हटले आहे. दख्खनचा हा दगड ग्रॅनाइट नव्हे, तो बेसाल्ट, आपल्या बोलीतला काळा पाषाण. सीली या परिसरात राहिला, त्याने शिल्पे बारकाईने पाहिली, त्यांची मनापासून स्तुती केली. परंतु 'अद्भुत' म्हणून जे पाहावयाचे त्यासाठी त्याच्या मनात कठीण ग्रॅनाइटच असावयास हवे होते. प्रत्यक्ष पाहणे ही सत्याची हमी मानली जाते. तिची मर्यादा यापेक्षा ठळकपणे क्वचितच दिसेल.

या पार्श्वभूमीवर कृष्णयाज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरु'तील आख्यान वाचले पाहिजे. एलिचपूरचा एल राजा व्याधिग्रस्त होतो आणि म्हैसमाळच्या परिसरातील तीर्थात स्नान करून बरा होतो. राणी माणिकावतीचा नवस असतो. शिवालय बांधून त्याचे शिखर दिसेपर्यंत ती अन्न घेणार नाही. इतक्या थोड्या अवधीत शिखर दाखविणे कोणत्याही शिल्पीला अशक्य वाटते. तेव्हा पैठणचा कोकस पुढे येतो आणि आठवड्यात शिखर दाखविण्याचे मान्य करतो. पायापासून चढत जाण्याऐवजी तो डोंगर माथ्याकडून कोरावयास घेतो. शिखर आधी घडते आणि राणीचा प्राण वाचतो. राणीच्या नावावरून देवालयाला माणिकेश्वर हे नाव पडते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या कथेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे.

कथेतील व्याधी, नवस आणि स्नान हे आख्यानाचे ठरीव घटक आहेत. परंतु तिच्या केंद्रस्थानी असलेली गोष्ट तांत्रिक आहे आणि ती खरी आहे. कैलासाचे काम खरोखरीच वरून खाली झाले. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असे प्रांगण मोकळे करण्यासाठी डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणून मधला पाषाण सुटा करण्यात आला आणि मग तो कोरीत कारागीर खाली उतरत गेले. येथे शिखर आधी आणि पाया शेवटी, हा विपर्यास ज्याने ओळखला त्याने वास्तूचे मर्म ओळखले. राजप्रशस्ती, फारसी इतिहास आणि युरोपीय प्रवासवर्णन यांत देव, जिन्न, राक्षस अथवा राजा यांची चर्चा होते. मराठी आख्यान मात्र एका कारागिराला नाव देते, गाव देते आणि युक्ती देते. कोकस ऐतिहासिक पुरुष होता की नाही, हा येथे प्रश्न नाही. हे काम कोणा तरी सुताराच्या, पाथरवटाच्या बुद्धीने झाले आहे, ही जाणीव ज्या समाजाने जपली तो समाज स्थळापासून दूरचा प्रेक्षक नव्हता. हत्यार हाती धरणाऱ्यांच्या शेजारी बसून त्याने हे आख्यान ऐकले असले पाहिजे.

दहाव्या लेण्याच्या बाबतीत या अनुमानाला आधार मिळतो. आपण ज्याला चैत्यगृह म्हणतो त्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणत. छतावरील दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या दिसतात. सुतार मंडळी तेथील बुद्धमूर्तीची विश्वकर्मा म्हणून पूजा करीत. धर्मचक्रमुद्रेत एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटाला टेकलेली असतात. त्यावरून, काम करताना दुखावलेले बोट देवाने धरून ठेवले आहे, असे ते सांगत. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने हा गैरसमज आहे. परंतु वाचनाच्या दृष्टीने ती एक सुसंगत संहिता आहे. बोटाला लागणे हा ज्यांच्या नित्याचा अनुभव, त्यांना देवाच्या बोटाची जखम दिसावी यात अर्थ आहे.

जेम्स बर्जेसने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक देऊन ही लेणी शास्त्रीय अभ्यासाच्या कक्षेत आणली. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन ही विभागणी आज शाळकरी मुलालाही पाठ असते. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु तिने एक नवी दृष्टीही घडविली. जागेचा क्रम हा काळाचा क्रम वाटू लागला, आणि आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन, अशी सरळ रेषा लोकांच्या मनात तयार झाली. एकविसावे आणि एकोणतिसावे ही लेणी अनेक बौद्ध लेण्यांहून जुनी असल्याचे अभ्यासक मानतात, तरी ती रेषा पुसली जात नाही. त्याचबरोबर रावण की खाई, दोन थाळ, तीन थाळ, रंगमहाल, सीतेची न्हाणी, तेल्याची घाणी ही नावे तळटीपेत गेली.

या नावांविषयी हळहळ व्यक्त करताना मात्र सावध राहिले पाहिजे. लोकदृष्टी नेहमीच निरागस नसते. दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांच्या समूहाला 'धेडवाडा' आणि पाचव्या लेण्याला 'महारवाडा' म्हटले जाई, हेही त्याच इंग्रजी अहवालांनी नोंदविले आहे. गावाच्या रचनेतील बहिष्कार येथे डोंगरावर उमटला होता. सुतारांनी बुद्धात आपला विश्वकर्मा पाहिला, त्याच परिसराने बुद्धाच्या विहारांत अस्पृश्यांची वस्ती पाहिली. कारागिराला नाव देणारी आणि माणसाचे नाव हिरावून घेणारी भाषा एकच होती.

या नोंदीचा अर्थ १९३४ मधील एका प्रवासाशेजारी ठेवल्यावर पूर्णपणे उलगडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या उद्देशाने निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयाचा होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या प्रवेशापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात हौद बाटविल्याची ओरड करीत लोक जमले. त्या वेळी उच्चारला गेलेला जातिवाचक शब्द तोच होता, जो बौद्ध लेण्यांच्या नावात होता. अखेर पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. बाबासाहेबांनी ही हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली. १९९० मध्ये ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली.

वेरूळ पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशाच्या या वृत्तान्तात वेरूळचे वर्णन नाही. प्रवासवर्णनाच्या आपल्या व्याख्येत म्हणूनच तो बसत नाही. परंतु प्रेक्षक आणि स्थळ यांच्या संबंधाविषयी तो जे सांगतो ते सीलीच्या शेकडो पानांत सापडत नाही. तेव्हनो, मॅलेट, सीली हे पाहणारे होते. त्यांच्या पाहण्याच्या अधिकाराविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. बाबासाहेबांचा चमू पाहावयास निघाला आणि स्वतःच पाहिला गेला. 'भिन्न संस्कृतींतील प्रवासी' असा शब्दप्रयोग करताना आपण भिन्नता देशांच्या सीमांवर शोधतो. येथे ती हौदाच्या काठावर आहे. पाहण्याला आधी प्रवेश लागतो, आणि प्रवेश ही सांस्कृतिक बाब आहे, ही साधी गोष्ट 'दृष्टी'विषयीच्या सिद्धांतचर्चेत बहुधा गृहीत धरून सोडून दिली जाते.

१९८३ पासून वेरूळ जागतिक वारसा यादीत आहे. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील या स्थळी घृष्णेश्वराचे भाविक, बौद्ध उपासक, जैन यात्रेकरू, शाळांच्या सहली आणि परदेशी पर्यटक एकाच रस्त्याने येतात. बौद्ध उपासकांसाठी बुद्धाचे विहार हे आता परक्याचे अवशेष राहिलेले नाहीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर ते त्यांच्या स्वतःच्या इतिहासाचे स्थान झाले आहेत. ज्या डोंगराला बहिष्काराचे नाव दिले गेले, त्याच डोंगराचे हे नवे वाचन आहे, आणि ते वाचणाऱ्यांनी ते लढून मिळविले आहे.

आरंभीच्या गृहीतकाकडे आता परत येता येईल. प्रवासी आपली संस्कृती बरोबर आणतो, हे वेरूळच्या पुराव्याने खरे ठरते. शिराझीची राजसभा, मुस्तैद खानाची इबरत आणि सीलीचा ग्रॅनाइट ही त्याची उदाहरणे आहेत. परंतु यांपैकी कोणालाही 'हे कोणी केले?' हा प्रश्न टाळता आला नाही. तो प्रश्न त्यांच्या संस्कृतीने दिलेला नसून समोरच्या पाषाणाने विचारलेला आहे. ज्या महानुभावांना तो टाळता आला, त्यांनी स्थळाला दुसराच प्रश्न विचारला होता. आणि उत्तर शोधताना बहुतेक प्रवाशांनी जवळच्या माणसाचा आधार घेतला. म्हणून मराठीतील प्रवाससाहित्याचा इतिहास लिहिताना केवळ प्रवाशाने लिहिलेला ग्रंथ ही त्याची कक्षा ठरविता येणार नाही. कथाकल्पतरूचे आख्यान, स्थानपोथीतील दिशा आणि अंतरे, मॅलेटचे निनावी ब्राह्मण, गंगारामची रेखाटने, आणि स्थळ न वर्णिणारी १९३४ ची आठवण यांना त्यात स्थान द्यावे लागेल. आपल्या विद्यापीठांत प्रवासवर्णनाचा अभ्यासक्रम आखताना आख्यायिका एका प्रश्नपत्रिकेत आणि प्रवासवर्णन दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, अशी वाटणी आपण करतो. डोंगर माथ्याकडून कोरला गेला हे ज्या 'आख्यायिके'ला ठाऊक होते आणि दगड कोणता हे ज्या 'प्रत्यक्षदर्शी' पुस्तकाला ठाऊक नव्हते, ती दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज ही वाटणी कशावर उभी आहे, हे विद्यार्थ्यांना समजणार नाही.